विश्लेषण : नव्या सागरी मार्गांमुळे बंदर आणि उद्योग खरेच वाढतात का? सुएझपासून वाढवणपर्यंतचा धडा काय?

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराच्या समर्थनार्थ एक मुद्दा सातत्याने मांडला जातो. भारत आणि युरोप यांच्यातील व्यापाराचे मार्ग बदलत आहेत, जहाजे अवाढव्य होत आहेत. अशा वेळी खोल पाण्याचे बंदर हाती असेल तर त्यामागोमाग उद्योग आणि रोजगार येतील, असा हा युक्तिवाद. तो निराधार नाही. दीडशे वर्षांपूर्वी सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईचा कायापालट झाला. पण त्याच काळात कोकणातील जुनी बंदरे ओस पडू लागली. अलीकडच्या काळात श्रीलंकेतील हंबनटोटा हे बंदर जगातील अत्यंत वर्दळीच्या जलमार्गालगत असूनही वर्षानुवर्षे रिकामे राहिले. मार्ग जवळून गेला म्हणजे भरभराट होतेच असे नाही, मग ती नेमकी कशाने होते? याविषयी…

जहाजमार्ग बंदराचे भवितव्य कसे ठरवतो?

मोठी कंटेनर जहाजे टॅक्सीसारखी हवी तेथे जात नाहीत. मेल-एक्स्प्रेस गाड्यांप्रमाणे त्यांचे मार्ग, थांबे आणि वेळापत्रक ठरलेले असते. २० फूट लांबीचा एक कंटेनर म्हणजे एक टीईयू. आजची सर्वांत मोठी जहाजे एका फेरीत २४ हजारांहून अधिक टीईयू वाहून नेतात. असे जहाज एक दिवस जास्त थांबले किंवा थोडे वळसा घालून गेले, तरी इंधन आणि भाड्याचा मोठा भुर्दंड पडतो. त्यामुळे जहाज कंपन्या मोजकेच थांबे निवडतात. मुख्य मार्गापासूनचे अंतर, पाण्याची खोली, माल उतरवण्याचा वेग आणि त्या ठिकाणी हमखास मिळणारा माल या चार गोष्टी त्या पाहतात.

जेथे महाकाय जहाज थांबते ते मुख्य बंदर. उरलेल्या बंदरांचा माल तेथून छोट्या जहाजांनी, म्हणजे फीडरने, पुढे जातो. या मालबदलाला ट्रान्सशिपमेंट म्हणतात. त्यात कंटेनर दोनदा हाताळावा लागतो, दिवस वाढतात आणि खर्चही वाढतो. केंद्र सरकारच्या माहितीनुसार, भारताच्या अशा मालापैकी सुमारे ७५ टक्के माल कोलंबो, सिंगापूर आणि मलेशियातील क्लांग यांसारख्या परदेशी बंदरांत हाताळला जात आला आहे.

याचा उद्योगांशी थेट संबंध आहे. कारखान्याजवळच्या बंदरात मोठे जहाज थेट येत असेल, तर सुटे भाग वेळेवर मिळतात, गोदामात महिनोन्महिने साठा ठेवावा लागत नाही आणि परदेशी ग्राहकाला माल पोहोचण्याची तारीख देता येते. म्हणून कारखाने बंदराकडे सरकतात. कारखाने आले की मालाची हमी मिळते आणि आणखी जहाजे थांबू लागतात. हे चक्र एकदा फिरू लागले की ते स्वतःच्या बळावर वाढते. प्रश्न ते सुरू होण्याचा असतो.

सुएझ कालव्याने मुंबईला काय दिले?

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. आफ्रिकेला वळसा घालून होणारा लंडन-मुंबई प्रवास त्यामुळे सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. त्याआधी प्रवासी आणि टपाल इजिप्तमधून जमिनीवरून नेले जात असे. पण कापसाच्या गाठी किंवा यंत्रसामग्री अशी नेणे परवडणारे नव्हते. कालव्यामुळे अवजड माल एकाच जहाजातून थेट येऊ-जाऊ लागला. कालव्यातून शिडाची जहाजे नेणे अवघड असल्याने वाफेच्या जहाजांचे युगही वेगाने पुढे सरकले. युरोपच्या बाजूने येणाऱ्या जहाजांसाठी मुंबई हे भारताचे प्रवेशद्वार ठरले.

पण एकट्या कालव्याने हे घडवले नाही. कालवा उघडण्याच्या सुमारास मुंबईची रेल्वे सह्याद्री ओलांडून देशभर पसरत होती. भोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये जबलपूरला कोलकात्याकडून येणाऱ्या मार्गाशी जोडली गेली. म्हणजे वऱ्हाड आणि खानदेशातील कापूस पिकवणारे मळे एका बाजूने आणि युरोपच्या बाजारपेठा दुसऱ्या बाजूने, अशा दोन्ही दिशांनी मुंबई जवळजवळ एकाच वेळी जोडली गेली.

बंदराचा कारभारही त्याच सुमारास बदलला. तोवर धक्क्यांचा मोठा भाग खासगी कंपन्यांच्या ताब्यात होता. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, त्यानंतर व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, अशा गोद्या उभ्या राहत गेल्या. इंग्लंडहून यंत्रे आणि कोळसा आणणे सोपे झाले. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली होती. विसावे शतक उजाडेपर्यंत गिरण्यांची संख्या ८० च्या पुढे गेली. बंदराच्या मागे उद्योग उभे राहिले, ते असे.

एक नवा मार्ग उद्योगाला तारतो की मारतो?

दोन्ही घडू शकते. याचे ठळक उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. मुंबईच्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जात असे, तर कापूस जपानलाही. या पूर्वेकडील मार्गावर पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीचे वर्चस्व होते आणि तिचे भाडे गिरणीमालकांना जाचक वाटे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी करार करून मुंबई-जपान जहाजसेवा सुरू केली. जपानी कंपनीची ही पहिली नियमित दूरपल्ल्याची सेवा मानली जाते. पी अँड ओने भाडे इतके पाडले की टाटांना आपली जहाजे मागे घ्यावी लागली. जपानी कंपनीने मात्र सेवा चालू ठेवली.

त्याचा परिणाम दोन्ही टोकांना वेगवेगळा झाला. जपानच्या गिरण्यांना भारतीय कापूस स्वस्तात मिळू लागला. पुढच्या काही दशकांत याच गिरण्यांनी चीनच्या बाजारातून मुंबईच्या सुताला हुसकावले. मुंबईतून कच्चा माल जात राहिला, पक्क्या मालाची बाजारपेठ मात्र दुसऱ्याने घेतली. मार्ग दोन्ही दिशांनी वाहतो आणि ज्याच्याकडे पक्का माल अधिक स्वस्तात आणि अधिक चांगला बनतो, त्याला तो अधिक फळतो.

नव्या मार्गामुळे कोणाचे नुकसान झाले?

सुएझमुळे आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या मार्गावरील थांब्यांचे महत्त्व घटले. अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेटावर पूर्वी जहाजे पाणी आणि शिधा भरण्यासाठी थांबत. कालव्यानंतर ती येईनाशी झाली आणि बेटाची अर्थव्यवस्था कोसळली.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही वेगळे घडले नाही. घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या पाठीवर आणि बैलगाड्यांतून घाट उतरून राजापूर, वेंगुर्ले यांसारख्या बंदरांत येत असे. देशावर रेल्वे पसरली, १८८८ मध्ये गोव्याच्या मुरगाव बंदरालाही रेल्वे जोडली गेली आणि हा माल रेल्वेने मुंबई आणि मुरगावकडे वळला. कोकणच्या बंदरांमागे रेल्वे आलीच नाही. व्यापार आटला आणि रत्नागिरी जिल्ह्यातील तरुण बोटीने मुंबई गाठून गिरण्यांत मजुरी करू लागले. एकाच किनाऱ्यावर एका बंदराच्या भरभराटीने शेजारच्या बंदरांचा माल आणि माणसे दोन्ही ओढून घेतली.

बंदरातून केवळ समृद्धी येते असेही नाही. १८९६ मध्ये मुंबईत थैमान घालणारा प्लेग जहाजांतूनच आला असावा, असे मानले जाते. त्याची पहिली लागण दिसली ती गोदीलगतच्या मांडवी भागात.

मार्गालगत असूनही बंदर रिकामे का राहते?

यासाठी हंबनटोटा आणि मोरोक्कोतील तांजिएर मेड या दोन बंदरांची तुलना उद्बोधक ठरते. दोन्ही व्यस्त जलमार्गांना खेटून आहेत. हंबनटोटा २०१० मध्ये सुरू झाले. सुएझ आणि मलाक्का यांना जोडणारा मुख्य मार्ग तेथून अवघ्या काही सागरी मैलांवरून जातो. पण बंदराच्या मागे ना मोठे शहर होते, ना कारखाने, ना रेल्वे. मालबदलासाठी कोलंबो आधीच होते. जहाजे समोरून जात राहिली, थांबली मात्र अगदी थोडी. अखेर २०१७ मध्ये हे बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावे लागले.

तांजिएर मेड २००७ मध्ये सुरू झाले. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर, युरोपपासून सुमारे १४ किलोमीटरवर हे बंदर आहे. मोरोक्कोने बंदर बांधतानाच त्याला रेल्वे आणि महामार्ग जोडले आणि मागे औद्योगिक क्षेत्रे आखली. २०१२ मध्ये रेनॉ कंपनीचा मोटार कारखाना जवळच सुरू झाला. तयार मोटारी रेल्वेने थेट बंदरात जातात. मोठ्या कारखान्यामागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आल्या आणि त्यांना लागणारे कुशल कामगार घडवण्यासाठी प्रशिक्षण संस्थाही उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये या बंदराने एक कोटीहून अधिक टीईयू हाताळले. आज ते आफ्रिकेतील सर्वांत मोठे कंटेनर बंदर आहे.

फरक स्पष्ट आहे. हंबनटोटाने बंदर बांधले आणि जहाजांची वाट पाहिली. तांजिएरने बंदर, रेल्वे, कारखाना आणि कामगार यांचा विचार एकत्र केला.

न्हावा-शेवाचा अनुभव काय सांगतो?

कंटेनरचे युग आले तेव्हा मुंबईच्या जुन्या गोद्या अपुऱ्या पडल्या. चारही बाजूंनी शहराने वेढलेल्या बंदराला कंटेनर ठेवायला जागा नव्हती आणि ट्रक बाहेर काढायला रस्ते नव्हते. २६ मे १९८९ रोजी खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. १९९७ मध्ये तेथे खासगी कंपनीला कंटेनर टर्मिनल चालवण्याचा करार देण्यात आला. देशातील मोठ्या बंदरांसाठी तो नवा पायंडा होता. २०२४-२५ मध्ये या बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. उरण, पनवेल, भिवंडीपर्यंत पसरलेली गोदामे, कंटेनर यार्ड आणि मालवाहतुकीचा व्यवसाय हा त्याचाच विस्तार.

पण दोन उणिवाही दिसल्या. पहिली रेल्वेची. बहुसंख्य कंटेनर आजही रस्त्याने येतात-जातात. दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर या सुमारे १,५०० किलोमीटरच्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिकेत सर्वाधिक रखडला तो वैतरणा ते बंदर हाच टप्पा. उत्तरेत जाणारा माल अधिक वेगाने गुजरातच्या बंदरांकडे वळण्यास त्यामुळे मदत झाली.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. बंदरासाठी शेवा कोळीवाडा हलवण्यात आला, पण त्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न चार दशकांनंतरही धुमसत राहिला. उरण-पनवेल परिसरातील भूमिपुत्रांना विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा मिळाला तो दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील १९८४ च्या आंदोलनानंतर. त्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. बंदर यशस्वी झाले तरी ज्यांच्या जमिनीवर आणि खाडीवर ते उभे राहिले त्यांचा हिस्सा आपोआप ठरत नाही, हे यातून दिसले.

वाढवण बंदराचे वेगळेपण काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पालघर येथे भूमिपूजन झाले. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा असलेली कंपनी ते उभारत आहे. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल, दहा किलोमीटरहून अधिक लांबीची लाटरोधक भिंत आणि समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव असे त्याचे स्वरूप आहे. पूर्ण क्षमतेने ते वर्षाला २ कोटी ३२ लाख टीईयू हाताळू शकेल, असे नियोजन आहे.

किनाऱ्याजवळ सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली ही वाढवणची सर्वांत मोठी जमेची बाजू. न्हावा-शेवाला सतत गाळ उपसून खोली राखावी लागते आणि जगातील सर्वांत मोठी जहाजे तेथे पूर्ण भाराने येऊ शकत नाहीत. केरळमधील विळिंजमने खोलीचे महत्त्व दाखवून दिले आहे. २०२४ मध्ये तेथे जहाजे येऊ लागली आणि वर्षभरात, जून २०२५ मध्ये, २४ हजार टीईयूहून अधिक क्षमतेचे एमएससी इरिना हे जहाज तेथे लागले. मात्र विळिंजमचा भर मालबदलावर आहे. वाढवणच्या पाठीशी मुंबई, नाशिक, दक्षिण गुजरात आणि उत्तर भारताचा माल आहे. राज्य सरकारने वाढवण ते इगतपुरी असा सुमारे १०५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग समृद्धी महामार्गाला जोडण्याचे ठरवले आहे. तो झाल्यास नाशिकचा कांदा-द्राक्षे आणि विदर्भातील माल यांनाही हे बंदर जवळ येईल.

बदलत्या मार्गांचा वाढवणला फायदा होईल का?

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील जी-२० परिषदेच्या वेळी भारत-मध्यपूर्व-युरोप आर्थिक मार्गिका, म्हणजे आयमेक, जाहीर झाली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजाने संयुक्त अरब अमिरातीपर्यंत, तेथून रेल्वेने सौदी अरेबिया आणि जॉर्डनमार्गे इस्रायलच्या हैफापर्यंत आणि पुढे पुन्हा जहाजाने युरोपात, अशी ही कल्पना. या मार्गिकेतील भारताचे द्वार म्हणून वाढवणचे नाव पुढे केले जाते.

परंतु ही घोषणा झाल्यानंतर महिनाभरातच गाझा युद्ध पेटले. नोव्हेंबर २०२३ पासून हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे तांबड्या समुद्रातील वाहतूकही विस्कळीत झाली. सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांना दहा ते चौदा दिवस अधिक लागू लागले. त्याआधी २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे एकच जहाज अडकल्याने सुएझ सहा दिवस बंद पडला होता. मार्ग युद्धाने, अपघाताने किंवा राजकारणाने बदलतात, बंदर मात्र शंभर वर्षांसाठी बांधले जाते. त्यामुळे कागदावरील एखाद्या मार्गिकेपेक्षा बंदरामागील प्रदेशातून मिळणारा माल हाच अधिक भरवशाचा पाया ठरतो. वाढवणकडे तो आहे, हे हंबनटोटाच्या तुलनेत त्याचे बळ.

पालघरचे स्थानिक साशंक का?

हा किनारा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे. १९९१ मध्ये डहाणू तालुका तसा घोषित झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण येथील आधीचा बंदर प्रस्ताव नाकारला होता. जुलै २०२३ मध्ये मात्र त्याने नव्या प्रस्तावाला अटींसह परवानगी दिली. तिला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

मच्छीमार या पट्ट्याला ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात. पापलेट, घोळ, बोंबील यांच्या मासेमारीवर सातपाटीपासून डहाणूपर्यंतची गावे जगतात. खडकाळ उथळ समुद्र ही माशांच्या प्रजननाची जागा असून भराव आणि जहाजांच्या वर्दळीने ती नष्ट होईल, अशी त्यांची भीती आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वाढवण, वरोर, चिंचणी परिसरात दागिन्यांचे ठसे बनवण्याचा डायमेकिंगचा घरगुती उद्योग आहे. म्हणजे येथे रोजगार नाही, असे नाही. तो बंदराशी जोडलेला नाही, इतकेच.

प्रकल्पातून प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सुमारे १२ लाख रोजगार निर्माण होतील, असा सरकारचा दावा आहे. पण आधुनिक कंटेनर टर्मिनल यंत्रांवर चालते. क्रेन बऱ्याचदा दूरस्थ कक्षातून हलवल्या जातात. त्यामुळे मोठा रोजगार धक्क्यावर नव्हे, तर मागे येणाऱ्या कारखान्यांत, गोदामांत आणि वाहतुकीत असतो. तो डहाणू-पालघरमध्ये येईल की कंटेनर थेट भिवंडी, वापी आणि दिल्लीकडे निघून जातील, यावर या जिल्ह्याचा लाभ ठरेल.

पुढे काय महत्त्वाचे?

आतापर्यंतच्या अनुभवातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, रेल्वे आणि रस्ते बंदराबरोबरच तयार हवेत; न्हावा-शेवाप्रमाणे ते मागून आले तर माल दुसरीकडे वळतो. दुसरी, औद्योगिक क्षेत्रे आणि त्यांना लागणारे कौशल्य शिक्षण स्थानिक तरुणांपर्यंत आधी पोहोचायला हवे. आयटीआयमधील अभ्यासक्रम बंदर सुरू झाल्यावर आखले, तर पहिल्या फळीतील नोकऱ्या बाहेरच्यांकडे जातील. तिसरी, मच्छीमारांची भरपाई केवळ एकरकमी असू नये. हिरावलेले मासेमारी क्षेत्र, बोटींचा बदलणारा मार्ग आणि घटणारे उत्पन्न यांचा हिशेब काम सुरू होण्याआधी नोंदला गेला, तरच नंतर तो मागता येतो.

सुएझने मुंबईला संधी दिली ती रेल्वे आणि गोद्या हाती असल्यामुळे. ज्या बंदरांकडे त्या नव्हत्या, त्यांच्या वाट्याला स्थलांतर आले. वाढवणमध्ये महाकाय जहाजे थांबण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्यातून उतरणाऱ्या मालाचा किती भाग पालघरच्या हातात थांबतो, हे मात्र खोल पाण्याने नव्हे, तर येत्या काही वर्षांत घेतल्या जाणाऱ्या निर्णयांनी ठरणार आहे.